रशियनमध्ये पाऊस छान

श्रूजबरीतल्या त्या घरी मी राहायला निघाले तेव्हा पाटणकर काकूंनी मला दोनदा विचारलं, "हे रशियन लोक कम्युनिस्ट नाहीत ना गं?"

"काकू, कम्युनिस्ट असते तर तिकडंच सुखानं राहिले असते. इथं बर्फ उपसायला कशाला आले असते?"

काकूंना ते काही पटलं नाही. अमेरिकेत आल्यापासून पंधरा दिवस मी त्यांच्याच घरी, पाहुण्यांच्या खोलीत राहत होते, त्यामुळे माझी जबाबदारी आपल्यावर आहे असं त्या धरून चालल्या होत्या. माझ्या बॅगेत त्यांनी मेतकुटाचा डबा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी कोंबली आणि काकांना बजावलं, "हिला दारात सोडून येऊ नका. घर आतून बघून या." काका आत आले. भिंतभर पुस्तकं, जेवणाच्या टेबलावर पसरलेला शिवणाचा कपडा आणि कोपऱ्यात उघडून ठेवलेला टेलिव्हिजन एवढं त्यांनी पाहिलं, जॅम घातलेला काळा चहा मुकाट्यानं प्यायले आणि गाडीत बसताना मला हळूच म्हणाले, "आपल्यापेक्षा बरे दिसतात गं हे लोक." तेवढ्यावर माझी नव्या घरी रवानगी पक्की झाली.

खोली मला मिळाली होती वूस्टरच्या युनिव्हर्सिटीत, गणित विभागाच्या नोटीस बोर्डावर. इंग्लिशमध्ये 'खोली आहे' एवढंच होतं, पण खाली बारीक अक्षरात रशियनमध्ये लिहिलं होतं की हे वाचता येत असेल आणि रोज मुलांशी या भाषेत बोलणार असाल तर खोली भाड्याशिवाय मिळेल. मला वाचता आलं. नागपुरात बी.एस्सी. करताना मी संध्याकाळचा रशियनचा डिप्लोमा केला होता, कारण आमच्या सरांचं म्हणणं असं की गणितातलं अर्धं चांगलं काम रशियनमध्ये आहे आणि ते भाषांतराची वाट बघत बसतं. माझी आई म्हणायची, स्वयंपाक शिक, तो जन्मभर पुरेल. शेवटी खोली मिळवून दिली ती रशियननं, हे मी आईला पत्रात ठासून लिहिलं होतं. स्वयंपाकाचं काय झालं ते लिहिलं नव्हतं.

घरात चौघं होती. लेना, तिचा नवरा बोरिस, सात वर्षांची सोन्या आणि चार वर्षांचा मीशा. लेनिनग्राडहून येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, म्हणजे सोन्या तेव्हा कडेवर होती आणि मीशा तर इथलाच. लेना तिकडे पुलांचे नकाशे काढायची, इथं एका ऑफिसात दुसऱ्यांनी काढलेले नकाशे गिरवायची. बोरिस टीव्ही आणि रेडिओ दुरुस्त करायचा आणि तळघरात बसून एक जुना रेडिओ सतत पिळत असायचा, त्यामुळे त्या घराला कायम एक खरखर असे. त्यात भर म्हणून भिंतीतले हीटरचे पाइप ठोके द्यायचे, लेनाचं शिवणयंत्र चालायचं आणि मीशा जिन्याच्या प्रत्येक पायरीवरून दोन्ही पाय जोडून उड्या मारत उतरायचा. माझा या गोंगाटात फार छान अभ्यास व्हायचा. आमच्या घरी आम्ही सहा भावंडं, शांततेत मला काही सुचतच नसे.

जेवणाचं मात्र जरा जड गेलं. सकाळी उपासाच्या कुट्टूची असावी तशी एक भरड शिजवलेली असायची, तीत लोणी. दुपारी बिटाचं सूप, रात्री बटाटे, आणि जे काही पानात येईल त्यावर शेपू. सूपवर शेपू, बटाट्यावर शेपू, काकडीवर शेपू. लहानपणी शेपूची भाजी पानात पडली की मी तोंड वाकडं करायची, त्याची वसुली देवानं अशी केली. पंधरा दिवसांनी मी न राहवून झुणका केला, आमच्याकडचा, जाळ. मुलांनी लांबूनच वास घेतला. बोरिसनं पहिला घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं आणि ताट पुढं केलं. त्या दिवसापासून रविवारचा झुणका ठरून गेला.

आता मुद्द्याचं. ज्यांची मातृभाषा रशियन, त्यांच्या मुलांना रशियन बोलायला लावण्यासाठी नागपूरची मुलगी कशाला, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण दोन दिवसांतच लक्षात आलं की सोन्याला सगळं कळतं, बोलत काही नाही. आई रशियनमध्ये विचारायची, ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. पाटणकर काकूंच्या घरी मी हेच मराठीत ऐकलं होतं. काकू म्हणायच्या, "जेवायला ये रे," आणि मुलगा वरून म्हणायचा, "इन अ मिनिट, मॉम." सोन्याचं आणखी असं होतं की घरात रशियन म्हणजे फक्त हुकूम. टोपी घाल, जेव, दात घास, झोप. गोष्टी, गंमत, मैत्रिणी, भांडणं, सगळं इंग्लिशमध्ये. दिवसभर गिरवून थकून आलेल्या आईकडे हुकुमापलीकडची भाषा उरत नसे, आणि त्याबद्दल तिला दोष कसा द्यायचा?

माझं रशियन हुकमाचं नव्हतं, ते त्याहून वाईट होतं. डिप्लोमा नावाला, खरं तर मी ते गणिताच्या जर्नलांतून शिकले होते. पहिल्या दिवशी मीशाला दूध प्यायला सांगताना मी म्हणाले, "यावरून असं सिद्ध होतं की दूध प्यावं." सोन्या टेबलाखाली जाऊन हसली. हसता हसता तिनं मला सुधारलं, आणि सुधारताना पहिल्यांदा तिच्या तोंडून अख्खं रशियन वाक्य बाहेर पडलं. त्या घरात तिच्याहून वाईट रशियन बोलणारं मोठं माणूस आजवर कुणी आलंच नव्हतं. मग मी ते धोरणच केलं. पहिल्या आठवड्यातल्या चुका खऱ्या होत्या, पुढच्या पुष्कळशा मुद्दाम केलेल्या. ती मला 'त्योत्या कुमुद' म्हणायची. त्योत्या म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळं एकातच. नात्यांच्या बाबतीत ते लोक फार खोलात जात नाहीत.

नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी फोन होता. 'फोन होता' म्हणजे काय ते आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. लेनाचे वडील एकटेच लेनिनग्राडला मागं राहिले होते. इथून कॉल कित्येक दिवस आधी नोंदवायचा, मग तिकडे त्यांना चिठ्ठी जायची, अमुक दिवशी टेलिफोनच्या ऑफिसात या. म्हातारा ट्रामनं तिथं जायचा, बाकावर बसून राहायचा, नाव पुकारलं की बूथमध्ये शिरायचा. बोलायला मिनिटं थोडी. त्या मिनिटांत तब्येत आणि हवा, एवढंच बोलायचं असा घरचा कडक नियम होता. 'येणं', 'अर्ज', 'परवानगी' हे शब्द उच्चारायचेच नाहीत. पूर्वी एकदा लेना त्याविषयी बोलली होती आणि पुढच्या आठवड्यात वडिलांच्या घरचा फोन बंद पडला तो पडलाच. का, कसा, कुणी सांगितलं नाही. पण शहाण्याला शब्दाचा मार.

त्या दिवशी लेनानं रिसीव्हर सोन्याच्या कानाला लावला. पलीकडून आवाज येत होता, "सोनेच्का? सोनेच्का, तू आहेस का?" तिकडे ओरडूनच बोलायची सवय, त्यामुळे अख्ख्या स्वयंपाकघराला ऐकू येत होतं. सोन्या वायर बोटाला गुंडाळत उभी. सेकंद चाललेत, लेना खुणा करतेय, मी खुणा करतेय. शेवटी ती इतकं हळू "हाय" म्हणाली की ते समुद्रापलीकडे पोचलं असेल असं वाटत नाही. तेवढ्यात मीशानं रिसीव्हर ओढला आणि खिडकीबाहेर बघून बोंबलला, "स्नेग!" म्हणजे बर्फ. पलीकडचा आवाज एकदम बदलला. "बर्फ? खूप पडलाय? कोरडा की ओला?" पण मीशाचा साठा तेवढाच होता. "स्नेग! स्नेग!" असं तो आणखी दोनदा ओरडला आणि लाइन गेली.

लेना बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती तोंड धुऊन, आणि काही झालंच नाही अशी बीट किसायला लागली. हात लालभडक झाले तशी बोलती झाली. तिचे वडील तीस वर्षं उत्तरेकडच्या एका हवामान केंद्रावर होते. तेवढ्यामुळे त्यांच्यापाशी गुप्त माहिती आहे असं तिकडच्या ऑफिसचं म्हणणं, आणि देश सोडायच्या परवानगीसाठी तीनदा अर्ज करून तीनदा नकार आला होता.

"कसली गुप्त माहिती?" मी विचारलं.

"एकोणीसशे साठ साली किती पाऊस पडला त्याची," लेना म्हणाली.

पण नकाराचं तिला एवढं नव्हतं. चौथ्यांदा अर्ज करायचा नाही असं वडिलांनीच ठरवलं होतं. कुणा प्रवाशाच्या हाती चोरून आलेल्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, 'नातवंडांना माझी भाषा येत नाही. मी तिथं येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत मुक्यासारखा बसणार. तशी खुर्ची मला इथंही आहे.' लेनानं हे मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. म्हणाली, "मी त्यांना या म्हणू शकत नाही. पण सोन्या त्यांच्याशी बोलली, नुसतं काहीही बोलली, तरी ते अर्ज करतील. मला माहीत आहे. आणि त्यांचं वय थांबणार नाही, कुमुद." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बिटावर ढकलता येत नव्हतं.

त्या क्षणी मात्र माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. 'बर्फ' या एका शब्दावर म्हाताऱ्यानं कशी झडप घातली होती! ज्या माणसानं जन्मभर हवा मोजली, त्याच्याशी हवेबद्दल बोलायला काय हरकत? शिवाय नियमात बसत होतं. मी सोन्याला हवा शिकवायची ठरवली.

शिकवायची म्हणजे मला एकच रीत माहीत होती, पाठांतर. शाळेतून आल्यावर मधल्या बोळकांडीत आम्ही तिघं एकामागे एक येरझाऱ्या घालायचो आणि 'बे एके बे'च्या चालीवर म्हणायचो, झिमा, वेस्ना, लेता, ओसेन. हिवाळा, वसंत, उन्हाळा, शरद. आमचे सर सांगायचे की वेस्ना आणि वसंत ही एकाच घरातली भावंडं, त्यामुळे मला तो शब्द फार जवळचा. चार ऋतू झाले की बारा महिने, महिने झाले की पाऊस, गारा, धुकं, वारा, दव. बोरिस तळघरातून वर येऊन म्हणाला, "हा कोणता धर्म आहे?" पण त्यालाही पाठांतर मान्य होतं. रशियन माणसं न पाठ केलेल्या गोष्टीला शिक्षण मानतच नाहीत, या एका बाबतीत ते आणि आम्ही सख्खे.

नुसतं पाठ करून मात्र भागेना, म्हणून रोज बाहेर जायचं ठरलं. आम्ही बूट, मोजे, टोप्या चढवून तळ्यापर्यंत चालत जायचो. मी वाऱ्याचे, बर्फाचे सात-आठ शब्द जाणत होते पण त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं, आणि मुलं रोज बघत होती पण नावं ठाऊक नव्हती. त्यांनी मला दाखवायचं, मी त्यांना नाव सांगायचं. जमिनीलगत सरपटत जाणारा बर्फ, रात्रीत झाडांवर चढलेलं पांढरं पीठ, मार्चमध्ये छपराच्या बर्फातून टपटपणारं पाणी. या टपटपीला रशियनमध्ये स्वतंत्र शब्द आहे, कापेल. नागपुरात डिक्शनरीत तो पाहून मला वाटलं होतं, काय रिकामटेकडे लोक आहेत, पागोळ्यांना एवढं कौतुक! श्रूजबरीत पाच महिने थंडीत काढल्यावर ती टपटप ऐकून मीच अंगणात नाचले. मीशानं डोक्यावर थेंब झेलले आणि त्याला सर्दी झाली.

आणि याच शिकवण्यात मी एक खरीखुरी चूक केली, जी चूक आहे हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या नागपुरात उन्हाळा म्हणजे काय ते नागपूरकरालाच विचारावं. खिशात कांदा ठेवून, कानाला पंचा बांधून लोक ऑफिसला जातात. दारांना वाळ्याचे पडदे, दुपारी रस्त्यावर कुत्रं नसतं. आकाश निळं आणि स्वच्छ असलं की आई म्हणायची, "आज काही खरं नाही." आणि ढग आले, जरा काळोखी धरली, की सगळे अंगणात खुर्च्या टाकून बसायचे, भजी व्हायची, "काय मस्त हवा पडलीय!" तेव्हा चांगली हवा म्हणजे ढगाळ, ही गोष्ट माझ्या हाडात होती, ती काही मी विचार करून शिकवली नाही. पाऊस आला की मी मुलांना म्हणायची, "खरोशाया पगोदा!" छान हवा. लख्ख ऊन पडलं की, "प्लखाया." वाईट. सोन्यानं एकदा विचारलंही होतं, "बट इट्स सनी." मी म्हणाले, "म्हणूनच तर." तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान डोलवली. तिनं मनात काय जुळवलं ते मला पुढं कळलं. लेना अंधारात जायची, अंधारात यायची, तिच्या कानांवर हे कधी पडलं नाही.

एप्रिलमध्ये पुन्हा कॉल नोंदवला. त्या शनिवारी सकाळपासून पाऊस लागला होता. लेनानं सोन्याचे केस दोनदा विंचरले, जणू फोनवर दिसणार होते. बोरिसनं रेडिओ बंद केला. मी सोन्याच्या मागं उभी, शब्द अडला तर पुढचा सांगायला. घंटी वाजली, ऑपरेटर बाई काही बोलली, मग तोच ओरडणारा आवाज. लेना तब्येतीची दोन वाक्यं बोलली आणि तिनं रिसीव्हर दिला.

"देदुश्का, मी सोन्या," ती आजोबांना म्हणाली, आणि एका दमात, पाढ्याच्या चालीवर, चार ऋतू, बारा महिने, पाऊस, गारा, धुकं म्हणून मोकळी झाली. एक चूक नाही. माझा ऊर भरून आला. पलीकडून "शाबास, शाबास" आलं, पण ते कसं, शाळातपासणीला आलेला साहेब म्हणतो तसं. लेनानं डोळे मिटून घेतले. पाठ केलेलं हे त्यांना कळणारच होतं. मलाही तेव्हाच कळलं, की मी सहा महिने मुलीला बोलायला शिकवलं नव्हतं, म्हणून दाखवायला शिकवलं होतं.

"आणि आज तिथं हवा कशी आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"छान आहे. पाऊस पडतोय."

"पाऊस पडतोय म्हणजे हवा वाईट आहे, सोनेच्का."

"नाही. छान आहे."

"ऊन पडलं की छान म्हणायचं."

"ऊन इंग्लिशमध्ये छान असतं," सोन्या त्यांना समजावून सांगायला लागली. "रशियनमध्ये पाऊस छान."

लेनानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. पलीकडून आवाज आला, चांगलाच तापलेला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"त्योत्या कुमुदनं. ती युनिव्हर्सिटीत गणित शिकते."

"मी तीस वर्षं हवा मोजली आहे! तीस वर्षं! पाऊस ही वाईट हवा!"

आता सोन्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वायर बोटावरून सुटली, एक हात कमरेवर गेला. मैत्रिणींशी इंग्लिशमध्ये भांडताना ती अशी उभी राहायची. "तू तिकडची हवा मोजलीस," ती म्हणाली. "इथली तुला काय माहीत? तू इथं नाहीस ना."

लेना रिसीव्हर घ्यायला पुढं झाली, बोरिसनं तिचा हात धरला. पलीकडचा आवाज इतका खाली आला की मला वाकून कान लावावा लागला. "नाही," ते म्हणाले. "मी तिथं नाही."

"मग ये आणि बघ."

म्हाताऱ्याच्या घरचा फोन बंद पडल्यापासून तो शब्द त्या घरातून कुणी फोनवर उच्चारला नव्हता. पलीकडून काहीतरी ऐकू आलं, हसणं की खोकला ते मला आजही सांगता येणार नाही, आणि त्यावर ऑपरेटर बाईचा आवाज आला की वेळ संपली.

सोन्यानं रिसीव्हर नीट जागेवर ठेवला आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "डिड आय विन?" लेना जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसून म्हणाले, चूक माझी आहे, मुलीला रागवू नकोस, मी खोली सोडते. खरंच मी मनात बॅग भरायला घेतली होती, पाटणकर काकूंना काय सांगायचं तेही जुळवत होते. लेना म्हणाली, "तुमच्याकडे खरंच पाऊस चांगला?" मी तिला कांदा, पंचा, वाळ्याचे पडदे, सगळं सांगितलं. ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि मग तिला भीती वाटायला लागली. त्या शब्दानं वडिलांचं काही बिघडलं तर? पुढचे पाच आठवडे ती भीती घरात होती. पत्र आलं नाही. पोस्टमनची गाडी वळली की लेना हातातलं टाकून खिडकीशी जायची. मी अपराध्यासारखी सूपवरचा शेपू एक शब्द न बोलता खायची. सोन्याला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. ती आपली रोज संध्याकाळी मला विचारायची की देदुश्काला अजून पटलं का, आणि पटवण्यासाठी आणखी शब्द मागायची. 'कारण', 'उलट', 'तुझं बरोबर असेल, पण'. असे शब्द माझ्यापाशी भरपूर होते. गणितात दुसरं असतंच काय!

आज मी इथंच अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये राहते आणि माझा नातू दूर तिकडे रेडमंडला असतो. व्हिडिओ कॉलवर मी मराठीत विचारते, तो इंग्लिशमध्ये उत्तर देतो. त्याची आई त्याला डोळे वटारते. मी तिला म्हणते, राहू दे गं, त्याला माझ्याशी भांडायचं एखादं कारण मिळू दे, आपोआप येईल. मुलगी म्हणते, आई, तुझं काहीतरीच. मी सोडून देते.

पत्र आलं ते मेच्या अखेरीला, आम्ही जेवायला बसलो असताना. लेनानं उभ्यानंच फोडलं, वाचायला लागली आणि मध्येच थांबून ते माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं, माझ्या त्या जर्नलांतल्या रशियनमध्ये. दोन पानं नेहमीसारखी हवाच होती. नदीवरचा बर्फ यंदा उशिरा फुटला, वारा पश्चिमेचा आहे, लायलॅकच्या झुडपांना कळ्या आल्या. शेवटी लिहिलं होतं, 'सोन्याला सांग की तिचं म्हणणं शास्त्राला धरून नाही. पण हे फोनवर मिटणारं नाही, पत्रातही नाही. मी पुन्हा अर्ज दिला आहे.'

त्या अर्जालाही एकदा नकार आला, मग तिकडचे वारे बदलले आणि दोन वर्षांनी ते आले. पण ते त्या दिवशी आम्हांला कुठं ठाऊक होतं? त्या दिवशी फक्त ते एक वाक्य होतं. बोरिसनं ते मला आणखी एकदा वाचायला लावलं. लेना खुर्ची धरून उभी होती, तोंडावर हात.

सोन्या पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत होती. तिनं मान वर केली नाही.

"अजून ऐकत नाहीये," ती रशियनमध्ये म्हणाली. "येऊ दे. आला की बघते त्याच्याकडे."